फुलापाशी थांबणे : रे. नारायण वामन टिळक यांच्या चरित्रातील एक बोध

मनुष्य एके ठिकाणी उभा असतो आणि त्याचे मन दुसरीकडेच भटकत असते, हा अनुभव लहानथोर सर्वांचा आहे. नांगरामागे चालणाऱ्या शेतकऱ्याचे मन सावकाराच्या वहीत अडकलेले असते. चुलीपुढे बसलेल्या माउलीचे मन सासरी गेलेल्या लेकीकडे लागलेले असते. उपासनेस बसलेल्या बंधूचे मन आठवड्याच्या बाजारात बैलाचा सौदा करीत असते. आणि प्रार्थना चालविणारा उपदेशक तरी ह्यातून सुटला आहे असे नाही. जे होऊन गेले त्याचा शोक आणि जे व्हावयाचे त्याची धास्ती, ह्या दोहोंच्या कात्रीत आजचा दिवस सापडतो, आणि देवाने दिलेला तो दिवस आपण न पाहताच मावळून जातो.

हल्ली मुंबई, पुणे, नवी मुंबई अशा शहरांतून ह्या व्याधीवर इलाज शिकविणारे वर्ग भरतात. चित्त ठिकाणावर आणावे, जे समोर आहे त्याकडे पूर्ण लक्ष द्यावे, असे तेथे सांगतात. ही शिकवण चांगली आहे. परंतु ती आपणांस अगदी नवी आहे असे मात्र नाही. आपल्या महाराष्ट्र मंडळीत एक पुरुष होऊन गेला, ज्याचे मन वाऱ्यासारखे चंचल होते आणि ज्यास फुलांनी थांबावयास शिकविले. त्याची भजने आपण दर रविवारी गातो. लोक त्यास फुलामुलांचे कवी म्हणतात. हे नाव आपल्या तोंडी इतके रुळले आहे की त्यात किती अर्थ भरला आहे, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. कोकणची ती भूमी फुलांची आहे. तेथे बकुळीचा सडा पडतो, सोनचाफा परसात उभा असतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडी सुरंगीची फुले फांदीच्या सालीस बिलगून दाटीने उमलतात. पाऊस लागला म्हणजे डोंगरउतारावर तेरड्याचे गुलाबी रान माजते. टिळकांच्या मातोश्री जानकीबाई ह्यांस कवितेचे वेड होते. पुत्राच्या ठायी काव्याचे बीज पडले ते त्या माउलीच्या मांडीवर. घरात वडिलांचा कडक अंमल होता आणि मातेचे छत्र बालपणीच हरपले. ज्या घरात माया होती ते घर असे अकाली पोरके झाले.

त्यांचे पहिले शिक्षण १८६९ ते १८७३ ह्या काळात कल्याण येथे झाले. आज ज्या भागास नवी मुंबई म्हणतात, त्याच्या उत्तरेस लागूनच हे जुने गाव आहे. १९७० नंतर बेलापूर, नेरूळ, वाशी ह्या बाजूस नवे शहर उठले आणि आपल्या नगर, जालना, औरंगाबाद या भागांतील पुष्कळ कुटुंबे पोटासाठी तिकडे गेली. त्यांपैकी कोणी कल्याणच्या फूलबाजारात गेला, तर झेंडू व शेवंतीचे भारे उतरताना पाहील. दीडशे वर्षांपूर्वी ह्याच गावी तो पोर पाटीदप्तर घेऊन शाळेत जात होता, हे त्याने ध्यानी आणावे.

पुढे नाशिक येथे गणेशशास्त्री लेले यांजपाशी टिळकांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले आणि तेथल्याच हायस्कुलात थोडे इंग्रजीही शिकले. वयाच्या अठराव्या वर्षी शाळा सुटली. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका ही लक्ष्मी होऊन त्यांच्या घरी आली. परंतु घर म्हणावयाचे ते कोठे? आज ह्या गावी शिक्षक, उद्या त्या गावी पौराणिक, परवा छापखान्यात खिळे जुळविणारा, असा त्यांचा संसार चालला. एक काम धरावे, ते मनास उतरले म्हणजे सोडावे, घरी कळवावे किंवा न कळविता निघून जावे. १८९१ साली ते नागपुरास संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराच्या कामी लागले. तेथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ऋषी नावाचे मासिक चालविले; तेही फार दिवस टिकले नाही. १८९३ साली राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली. तिकडे जाताना आगगाडीच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक मिशनरी भेटले आणि त्यांनी पवित्र शास्त्राची एक प्रत टिळकांच्या हाती दिली. हा चंचल पुरुष ज्या पुस्तकाने शेवटी धरून ठेविला, ते पुस्तकही त्यास वाटेवरच मिळाले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पत्नीस व आप्तांस त्यांनी आधी काही कळविले नव्हते. त्या बातमीने लक्ष्मीबाईंवर कोसळलेले दुःख सांगावयास नको. पुढील काही वर्षे पती एकीकडे व पत्नी लहान मुलासह दुसरीकडे, अशी गेली. त्यानंतर त्या नगरास आल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक तेव्हा अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशनच्या ईश्वरविद्येच्या शाळेत शिकवीत असत. १९०४ साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली.

अशा ह्या अस्थिर पुरुषाचे फुलांशी नाते काय होते, ते आता पाहू. आपल्या जुन्या काव्यात फूल पुष्कळ आढळते. परंतु ते बहुधा दुसऱ्याच्या सेवेस आलेले असते. मुखास कमळाची उपमा द्यावी, चरणी पुष्प वाहावे, वेणीत माळावे, येवढेच त्याचे काम. १८८५ च्या सुमारास मराठी कवितेस नवे वळण लागले. त्या वळणावर जे कवी उभे होते त्यांत टिळक एक होत. त्यांनी फुलास चाकरीतून मोकळे केले. फूल हे फूल म्हणूनच पाहण्याजोगे आहे, त्यापाशी बसून बोलण्याजोगे आहे, असे त्यांच्या कवितेने मराठी वाचकास दाखविले.

पाहण्याचे दोन प्रकार असतात. माळी हारासाठी फूल पाहतो तेव्हा त्यास फुलाचा भाव दिसतो. वैद्य पाहतो तेव्हा औषध दिसते. मूल पाहते तेव्हा मात्र फूलच दिसते. पहिल्या दोघांचे पाहणे वाईट नव्हे, त्याने पोट भरते व रोग बरा होतो. परंतु त्यांचे मन फुलाच्या पलीकडे कोठेतरी पोहोचलेले असते. मुलाचे मन फुलापाशीच असते. टिळक हे दाढी आलेले मूल होते. म्हणूनच लोकांनी त्यांस नुसत्या फुलांचे किंवा नुसत्या मुलांचे कवी म्हटले नाही; दोन्ही शब्द एकत्र जोडले.

त्यांची 'वनवासी फूल' नावाची एक दीर्घ कविता आहे. तीत कवी आणि रानातले एकटे फूल यांचा संवाद आहे. लोकांत राहून झिजावे, की एकांतात राहून आपल्या ठायी पूर्ण व्हावे, हा मोठा वाद त्या संवादात आला आहे. आम्हांस ह्या कवितेत विशेष वाटते ते हे की, कवीने हा प्रश्न कोणा पंडितास विचारला नाही. ज्यास पाहावयास कोणी येत नाही, ज्यास कोणी पाणी घातले नाही, अशा एका फुलापुढे तो थांबला आणि त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलला. जो मनुष्य कोठेच फार दिवस टिकला नाही, त्यास त्याच्या काव्यात एका फुलापाशी इतका वेळ बसावेसे वाटले, ही लहान गोष्ट नव्हे.

शुभवर्तमानात प्रभूने रानातल्या फुलांकडे बोट दाखविले आहे, ते आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तो भाग कशाविषयी आहे, ह्याचे मात्र आपणांस कधी कधी विस्मरण पडते. तो शोभेविषयी नाही; अन्न, वस्त्र आणि उद्या ह्यांच्या चिंतेविषयी आहे. चिंतेने ग्रासलेल्या गरीब लोकांपुढे प्रभूने फूल ठेविले. मत्तयाच्या शुभवर्तमानात तेथे जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ नुसते बघा असा होत नाही. नीट निरखा, अभ्यासा, शिकून घ्या, असा होतो. म्हणजे फुलाकडे येता जाता दृष्टी टाकणे पुरेसे नाही. विद्यार्थी पाठापुढे बसतो तसे त्यापुढे बसावे लागते. ही आज्ञा टिळकांनी अक्षरशः पाळली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आपण मात्र हा भाग पाठ म्हणतो आणि अंगणातल्या जास्वंदीपुढून मान खाली घालून निघून जातो.

फुलाकडे पाहणाऱ्या दृष्टीचा वारसा टिळकांनी दुसऱ्यासही दिला. खानदेशातील धरणगाव येथे १८९० साली जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे हे तरुण वयात कविता करू लागले. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. त्याचे अध्यक्ष डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे होते. हे गृहस्थ सैन्यातील मोठे डॉक्टर तर होतेच, शिवाय वनस्पतिशास्त्राचे नामांकित जाणते होते; आपल्या देशातील औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथाचे ते एक कर्ते. झाडाची पाकळी न पाकळी मोजणाऱ्या त्या विद्वानाने ह्या सतरा वर्षांच्या मुलास बालकवी ही पदवी दिली. पुढे हे बालकवी नगरास टिळकांच्या घरी राहिले. टिळकांनी त्यांस पुत्राप्रमाणे मानले आणि लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखे जेवू घातले. 'फुलराणी' ही बालकवींची कविता आज शाळेत जाणाऱ्या मुलांसही ठाऊक असते. बाप्तिस्मा न घेतलेला एक ब्राह्मण तरुण आणि ख्रिस्ती पाळक हे एका छपराखाली नांदले. त्या काळी ज्या गोष्टीने घरे फुटत होती, ती गोष्ट ह्या घरात आड आली नाही. फुलाकडे प्रेमाने पाहावयास शिकलेल्या मनुष्यास माणसाकडे पाहताना जात दिसेनाशी व्हावी, हे आम्हांस स्वाभाविक वाटते.

मुलांविषयीही तेच. १८९९ व १९०० ह्या वर्षांच्या घोर दुष्काळात नगर जिल्ह्यात अन्नावाचून माणसे मेली आणि मिशनने अनाथ मुलांस आश्रय दिला. टिळक पतिपत्नींनी अशा पोरक्या मुलांस जवळ केले, त्यांची दुखणी काढली, त्यांस खेळविले. हाडांचा सापळा झालेले, खरजेने भरलेले पोर उचलून घेणे हे काव्य नव्हे, हे कोणीही कबूल करील. परंतु त्या पोराकडे ओझे म्हणून न पाहता मूल म्हणून पाहणे, ही तीच दृष्टी होय जी रानातल्या फुलास तण म्हणत नाही. बालबोधमेवा ह्या मुलांच्या मासिकासाठीही टिळकांनी लेखणी चालविली. मोठमोठ्या सभांतून कीर्तन करणारा पुरुष मुलांसाठी चार सोप्या ओळी लिहिताना त्यात कमीपणा मानीत नसे.

येथवर वाचून कोणी समजेल की टिळक हे सदा शांत, स्थिरचित्त साधू होते. तसे समजणे सत्यास धरून होणार नाही. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' ह्या आपल्या ग्रंथात, ज्याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, पतीचे गुण आणि दोष दोन्ही हसतमुखाने व निर्भीडपणे सांगितले आहेत. टिळकांचा राग क्षणात भडके. हातचा पैसा घरी पोहोचण्याआधी दुसऱ्याच्या गरजेस लागे, आणि चुलीवर काय ठेवावे ह्याची विवंचना घरच्या माउलीस करावी लागे. विचाराच्या भरात ते बायको, मूल, जेवणाची वेळ, सर्व विसरत. ज्या पुरुषाचे चित्त फुलापाशी थांबे, त्याचे चित्त आपल्या उंबरठ्याच्या आत पुष्कळदा थांबत नसे. आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरली.

हे आम्ही त्या थोर पुरुषास कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. चित्त ठिकाणावर असणे ही जन्मतः मिळालेली देणगी नव्हे, हे ह्यावरून ध्यानी यावे म्हणून लिहितो. ती रोजची शिस्त आहे. फुलाने शिकविलेला धडा फुलापाशीच ठेवून आलो तर तो अर्धाच शिकलो. तो धडा घरी आणावा लागतो. पत्नी बोलत असता तिच्या तोंडाकडे पाहणे, म्हातारी आई तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असता ऐकणे, मूल बोट धरून काही दाखवू लागले तर हातचे काम क्षणभर ठेवून ते पाहणे, ही फुलापाशी शिकलेल्या पाठाची परीक्षा आहे. आणि टिळकांचे मोठेपण हे की, ते ह्या परीक्षेत पुन्हा पुन्हा बसले. जिचे अक्षरज्ञान बेताचेच होते, त्या पत्नीस त्यांनी लिहावयास वाचावयास उत्तेजन दिले. पतीने हाती घेऊन अपुरे टाकलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य पुढे बव्हंशी त्याच माउलीने रचले.

१९१२ सालापासून अखेरपर्यंत टिळकांनी ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे संपादन केले. १८४२ साली सुरू झालेल्या त्या पत्रातून त्यांचे अभंग खेडोपाडी गेले. आपल्या उपासना संगीतात शंभराहून अधिक गीते त्यांची आहेत. टाळ, मृदंग, अभंग, कीर्तन ही महाराष्ट्राची भक्तीची साधने ख्रिस्ती मंडळीत आणावयास त्यांनी जन्म वेचला. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास देवाचा दरबार ह्या नावाने, बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसमाज उभारण्याचे काम आरंभिले. बालकवींचा ५ मे १९१८ रोजी खानदेशातील भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून अंत झाला; तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. फुले पाहावयास शिकविणारा गुरू मागे राहिला आणि शिष्य पुढे गेला. वर्षभरानंतर, ९ मे १९१९ रोजी, टिळकांनीही मुंबईस देह ठेविला.

आता आमच्या खेड्यातील वाचक म्हणेल की, हे कवींचे व सवडीच्या लोकांचे बोलणे झाले. आम्हांस बाग कोठे आहे, आणि फुलापाशी बसावयास वेळ कोठे आहे? हा प्रश्न रास्त आहे. त्यास टाळून जाणे योग्य नव्हे. प्रथम हे पाहावे की, टिळकांच्या त्या कवितेतील फूल बागेतले नव्हते. वनवासी होते. नगरच्या कोरड्या माळावर तरवडाचे झुडूप सर्वांच्या पाहण्यातले आहे. दुष्काळात जनावरेही त्यास तोंड लावीत नाहीत; त्याची साल कातडे कमावण्याच्या कामी येते, एवढीच त्याची किंमत. तरी पाण्याचा थेंब नसता ते पिवळ्या फुलांनी भरते. ज्यास बाग नाही त्यास हा तरवड आहे. सालीसाठी जो त्यापाशी शंभरदा गेला, त्याने एकदा फुलासाठी जावे.

अंगण असेल तर त्याहून सोपे. प्रत्येक फुलास देवाने आपापला समय नेमून दिला आहे, आणि तो पाळावयास फूल चुकत नाही. जास्वंदीचे फूल सकाळी उमलते आणि एक दिवस जगून मिटते. गुलबक्षी दिवसभर झोपलेली असते व उन्हे कलल्यावर उघडते. मोगऱ्याची कळी संध्याकाळी सुटते आणि रात्रभर दरवळते. पारिजातक रात्री फुलतो व उजाडता उजाडता आपला सडा जमिनीस देऊन मोकळा होतो. झेंडूचे जे एक फूल आपण समजतो, ते वस्तुतः शेकडो इवल्या फुलांचा एक मेळा आहे. बोटाने हळूच उकलून पाहिले तर कोणासही दिसेल. हे सर्व जन्मभर आपल्या दारात चालले आहे. त्यातले किती आपण पाहिले, ह्याचा ज्याने त्याने विचार करावा.

कोणास असेही वाटेल की, फूल हे जुन्या पूजेचे साधन, तेव्हा आपण त्यापासून दूरच बरे. टिळकांनी अभंगाविषयी व टाळमृदंगाविषयी हीच शंका ऐकली होती आणि आपल्या कृतीने तिचे निरसन केले होते. फूल कोणत्याही धर्माने घडविले नाही. ज्याने घडविले त्याच्याकडे ते पाहणाऱ्यास नेते.

शहरात गेलेल्या आमच्या बंधुभगिनींची अडचण निराळी आहे. नेरूळ किंवा ऐरोली येथल्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत अंगण नाही; पहाटेची गाडी आहे, रात्रीची पाळी आहे. त्यांनी खिडकीत एका जुन्या डब्यात सदाफुलीचे रोप लावावे. ते थोड्या पाण्यावर जगते आणि बारा महिने फुलते. खिडकीतल्या हिरवाईचे मोल आता विद्वानांनीही मोजले आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतातील एका इस्पितळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांविषयी एक अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांस वेदनाशामक औषधही कमी लागले. तेथे झाडांनी रोग्यांस काही सांगितले नाही. ती केवळ त्यांच्या नजरेपुढे उभी होती.

म्हणून आम्ही वाचकांस एक लहानशी सूचना करितो. कामास निघण्यापूर्वी, दहा श्वास घेता येतील इतका वेळ, एका फुलापुढे उभे राहावे. ते तोडू नये. त्यावरून काही बोध काढावयाचीही घाई करू नये. पाकळ्या किती, रंग देठाशी कसा व टोकाशी कसा, काल होते त्यात आज काय पालटले, येवढेच पाहावे. मन कर्जाकडे धावेल, तंट्याकडे धावेल. त्यास न रागावता परत पाकळीपाशी आणावे. चार दिवस काही लाभ दिसणार नाही. उपदेशक बंधूंनी रविवारच्या शाळेतील मुलांकडून हे करवून घ्यावे. आम्हांस खात्री आहे की मुले त्यांच्या पुढे जातील, कारण त्यांस हे मुळातच येते. मग तेच लक्ष घेऊन प्रार्थनेस बसावे, आणि तेच लक्ष घेऊन घरच्या माणसांपुढे बसावे.

जास्वंदीस एक दिवस मिळतो. उद्या आपण असणार नाही म्हणून ती आज अर्धवट उमलत नाही. आपल्यासही एका वेळी एकच दिवस मिळतो, आणि त्या दिवसाच्या सकाळी आपल्या दारात कोणते फूल उमलले आहे, हे पाहावयास आजची सकाळ पुरेशी आहे.